नोंदवहीतलं गाव आणि वाड्यावरची मुलं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आरोग्य केंद्राच्या फलकावरची लसीकरणाची टक्केवारी वाचून गावातली मुलं सुरक्षित आहेत असं धरून चालू नका. त्यावर गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण अशा सगळीकडून पत्रं आली. हा अंक त्यांनाच दिला आहे. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत आणि गावांची नावं गाळली आहेत. लहान गावात नाव छापलं की घर लगेच ओळखू येतं.

प्रश्न : आमच्या पंचायतीत गेल्या वर्षी १०४ टक्के लसीकरण झालं, असं बैठकीत सांगितलं गेलं. सगळ्यांना आनंद झाला. पण डोंगरावरच्या आमच्याच एका वाड्यावर दीड वर्षाची मुलगी आहे, तिला दीड महिन्याच्या डोसानंतर काहीच दिलेलं नाही. तिच्या आजीने मला सांगितलं. शंभराच्या वर टक्के होतात कसे? आणि आम्ही पंच, शाळेतल्या शिक्षिका, अंगणवाडीच्या बाई मिळून हे तपासू शकतो का, की त्याला डॉक्टरच हवा? — एक पंचसदस्या, सत्तरी

उत्तर : ताई, आधी त्या मुलीचं बघू, टक्केवारी नंतर. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. गोवर-रुबेलाची म्हणजे एमआरची लस पाच वर्षांपर्यंत देतात, पोलिओचे राहिलेले थेंबही देतात. पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस तिला वर्षाच्या आत मिळालेला आहे, त्यामुळे पुढचे डोस तिथूनच सुरू होतील, पहिल्यापासून मोजायला नको. येत्या लसीकरण सत्राच्या दिवशी तिचं लसीकरणाचं कार्ड हातात घेऊन तिला न्या. कार्ड नसेल तरी न्या.

आता १०४. टक्केवारी हा एक भागाकार आहे. वर लस दिलेली मुलं, खाली गावातली एकूण मुलं. वरचा आकडा परिचारिका डोस देते तेव्हाच लिहिते, तो बहुधा बरोबर असतो. घोळ होतो तो खालच्या आकड्यात. जनगणनेतली लोकसंख्या घ्यायची, तिला जन्मदराने गुणायचं आणि 'अपेक्षित बालकं' काढायची, ही जुनी रीत. हाताशी जनगणना २०११ ची. त्यानंतर २०१२ मध्ये आपल्याकडच्या खाणी बंद पडल्या, कामाची माणसं पांगली, दुसरीकडून नवी आली. जन्मदर तर इतका खाली आला की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यात एका बाईमागे सरासरी १.३ मुलं निघाली. अशा हिशेबातून आलेली 'अपेक्षित' संख्या एका गावात फार मोठी निघते, शेजारच्या गावात फार लहान.

वरच्या आकड्यातही पाहुणे असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळाचे सुरुवातीचे डोस माहेरच्या उपकेंद्रात. शेजारच्या पंचायतीतल्या वाड्याला तुमचं उपकेंद्र जवळ, म्हणून ती मुलं तुमच्याकडे येतात. उलट तुमच्या गावातली सुस्थितीतली चार घरं वाळपईला नाहीतर म्हापशाला खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जातात, ती मुलं तुमच्या नोंदवहीत नसतात. ही बेरीज-वजाबाकी होऊन १०४ हा आकडा येतो, आणि आजीने सांगितलेली मुलगी कदाचित वरही नसते आणि खालीही नसते. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. तरीही आकडा गावाबद्दल काही सांगत नाही.

शंभराच्या आतला आकडाही तसाच फसवतो. समजा, तुमच्या पंचायतीत एक ते दोन वर्षांमधली ३६ मुलं आहेत आणि ३३ जणांचे सगळे डोस झालेत. जवळजवळ ९२ टक्के. पण राहिलेली तिन्ही मुलं एकाच वाड्यावरची आहेत आणि त्या वाड्यावर या वयाची मुलं एकूण पाचच आहेत. म्हणजे त्या वाड्याचं लसीकरण ४० टक्के. गोवर शिरतो तो वाड्यात, पंचायतीच्या सरासरीत नव्हे. लस नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत असं म्हणतात, आणि मी म्हणेन, ते प्रत्येक वाड्यावर हवेत.

मोठ्या भागाचं मूल्यमापन करायची एक पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने कितीतरी वर्षं वापरली. लोकसंख्येच्या प्रमाणात ३० वस्त्या निवडायच्या, प्रत्येक वस्तीत १२ ते २३ महिन्यांची सात मुलं शोधायची, एकूण २१०. पश्चिम आफ्रिकेतल्या देवीच्या मोहिमेत ती आकाराला आली. अलीकडे संघटनेने त्याऐवजी जास्त काटेकोर नमुना घ्यायला सांगितलं आहे. तालुका किंवा जिल्हा कुठे आहे हे त्यातून दहा टक्के इकडेतिकडे कळतं. कुठला वाडा मागे पडलाय ते मात्र कळत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणाचंही तेच. त्या वेळी गोव्यात दोन जिल्हे होते आणि आकडे मिळाले ते राज्याचे आणि त्या दोन जिल्ह्यांचे.

तुम्हाला नमुना काढायची गरजच नाही. पंचायतीत एवढी थोडी मुलं असतात की प्रत्येक घरी जाता येतं. त्यासाठी डॉक्टर लागत नाही, लागते ती चिकाटी.

सुरुवात मुलांच्या यादीने करू नका, वाड्यांच्या यादीने करा. कागदावर गाव काढा आणि सगळे वाडे लिहा. धनगरांची घरं, बागायतीतले मांगर, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या, रस्त्यापलीकडची ती तीन घरं जी 'आपल्या पंचायतीत येत नाहीत' असं दोन्ही पंचायती सांगतात, सगळं. मतदारयादी किंवा पंचायतीचं रजिस्टर घेऊन निघालात तर त्यात नसलेली घरं पुन्हा राहतील, आणि लस न मिळालेली मुलं बहुतेक त्याच घरांत असतात.

वेळही नीट निवडा. काजूच्या हंगामात घराला कुलूप असतं, माणसं दिवसभर डोंगरावर बोंडू गोळा करत असतात. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला, उलटं होतं. पणजी-वास्कोला राहणारी सगळी कुटुंबं मूळ घरी येतात आणि तिथली मुलंही तुमच्या यादीत घुसतात. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतरचे दिवस बरे. गावात राहणारं मूल कोणाला म्हणायचं याचा एकच नियम आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

घरात गेल्यावर 'सगळे डोस झाले ना?' असं विचारू नका. असं विचारलं की 'जाले, जाले' हेच उत्तर मिळतं. दारात आलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. 'बाळाचं कार्ड बघू?' एवढंच म्हणा. कार्डावरच्या तारखा उतरवून घ्या, बरोबरची खूण नको. तारीख असली की पुढचं सगळं कळतं. पेंटाव्हॅलंटच्या दोन डोसांत चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर पडलंय का, एमआर नऊ महिने पुरे होण्याआधी दिली गेली का, दीड महिन्याचा डोस सहाव्या महिन्यात मिळाला का. डोस मिळाला आणि वेळेवर मिळाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डांग्या खोकला तान्ह्या बाळांनाच जास्त मारतो. सहाव्या महिन्यात मिळालेला पहिला डोस टक्केवारीत पूर्ण धरला जातो, पण ते बाळ साडेचार महिने उघडं राहिलेलं असतं.

१२ ते २३ महिन्यांचीच मुलं घ्या. त्यांच्या पहिल्या वर्षाचे सगळे डोस होऊन गेलेले असायला हवेत आणि आईच्याही ते ध्यानात असतात. बीसीजी म्हणजे क्षयाविरुद्धची लस, पोलिओचे तीन, पेंटाव्हॅलंटचे तीन, एमआरचा एक, एवढं झालं की पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण असा सर्वेक्षणांचा हिशेब आहे. रोटाव्हायरस, न्यूमोकोकल आणि टोचायच्या पोलिओ लसीच्या तारखाही लिहून घ्या.

मग माझ्या मते सगळ्यात कामाचं पाऊल येतं. प्रत्येक वाड्यासाठी दोन आकडे शेजारी मांडा. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस किती मुलांना मिळाला आणि तिसरा किती जणांना. पहिलाच डोस मिळाला नसेल तर आरोग्य सेवा त्या वाड्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. तिथे उपाय वाट, वाहन आणि यादी हे आहेत. पहिला मिळाला आणि तिसरा नाही, तर ती आई एकदा तुमच्या दारात आली होती आणि परत आली नाही. अशी गळती दहा टक्क्यांच्या वर गेली की आरोग्य खातं ती गंभीर धरतं. तिथे आईला समजवायला भाषण नको, ती का आली नाही ते तिला विचारायला हवं.

मी हे विचारत आले आहे आणि उत्तरं जवळजवळ कधीच 'आमचा लसीवर विश्वास नाही' अशी नसत. पहिल्या डोसानंतर बाळ रात्रभर तापलं, पाय सुजला, ताप येणार हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सत्राच्या दिवशी बाळाला सर्दी होती म्हणून परत पाठवलं. साध्या सर्दीसाठी लस थांबवायची नसते, तरी हे अजून घडतं. सांगे तालुक्यातल्या एका वाड्यावर ओळीने मुलं गोवराच्या लसीविना राहिली होती. चौकशी केली तर सत्राचा वार आणि बाजाराचा वार एकच निघाला. बायका पहाटे भाजी घेऊन निघत. वार बदलला आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यातली बहुतेक मुलं आली.

आणखी एक कारण सहसा कोणी सांगत नाही. एमआरची कुपी बऱ्याच जणांसाठी मिळून असते आणि पाणी मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते. एकच मूल आलं तर बाकीचे डोस वाया जाणार म्हणून काही ठिकाणी त्या आईला पुढच्या वेळी बोलावतात. सूचना अगदी स्पष्ट आहेत. एका मुलासाठीही कुपी फोडायची. डोस वाया गेला तरी चालतो, मूल परत गेलेलं चालत नाही. हे तुमच्या गावात घडत असेल तर तेवढ्याने बरीच गळती समजेल.

ही तपासणी नर्सबाईला बरोबर घेऊन करा, तिच्या पाठीमागे करू नका. डोंगराळ भागात एका उपकेंद्राकडे तीन हजार लोक असावेत असा निकष आहे. इतर राज्यांत घरोघरच्या याद्या आशा कार्यकर्त्या करतात. मी नोकरीत होते तेव्हा गोव्यात आशा नव्हत्या, सगळा भार परिचारिका आणि अंगणवाडी सेविकांवर होता. तुमची वाड्यांची यादी तिच्या हातात पडली तर तिचं अर्धं काम झालं. ग्रामसभेत वाड्याचे आकडे वाचा, मुलांची नावं वाचू नका. नावांची यादी नर्सबाईकडेच राहू द्या.

प्रश्न : आमच्या भागात गोवराची साथ आली. आजारी पडलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना लस दिलेली होती, असं कळलं. माझ्या धाकट्याला सोळा महिने झालेत आणि दुसऱ्या डोसाला बोलावलं आहे. लस घेऊनही गोवर येत असेल तर डोस द्यायचा कशाला? — एक आई, डिचोली

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि साथीत तो मी बरोबरीच्या डॉक्टरांकडूनही ऐकला आहे. कागद घेऊन माझ्याबरोबर हिशेब करा.

गावात १०० मुलं धरा. ९० जणांना नवव्या महिन्यात एक डोस मिळालाय, १० जणांना काहीच नाही. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना पक्कं संरक्षण देतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही बाळांत तेव्हा शिल्लक असते आणि ती लसीच्या आड येते. तेव्हा ९० पैकी १३-१४ मुलं लस घेऊनही उघडी राहिली. लस नसलेली १० तर उघडीच. गोवर आला आणि उघड्या राहिलेल्या सगळ्यांना लागला, तर आजारी पडतील २३-२४ मुलं, आणि त्यातली १३-१४, म्हणजे निम्म्याहून जास्त, लस घेतलेली असतील. तुम्ही ऐकलंत ते हेच.

पण बघायचं ते वेगळ्या बाजूने. लस नसलेल्या १० पैकी १० आजारी. लस घेतलेल्या ९० पैकी १३-१४ आजारी, ७६-७७ घरी खेळत आहेत. ज्या गावात शंभरच्या शंभर मुलांना एक डोस मिळाला असेल तिथे आजारी पडलेलं प्रत्येक मूल लस घेतलेलंच असणार, आणि तरीही ते गाव तुमच्या गावापेक्षा सुखी असेल. म्हणून साथीचा तपास करताना आजारी मुलांत लस घेतलेली किती एवढंच विचारणं पुरत नाही. लस घेतलेल्यांत आजारी किती आणि न घेतलेल्यांत किती, हे दोन्ही मोजावं लागतं. आजारी न पडलेल्या मुलांच्या घरीही जावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं, कारण त्या घरांतून कोणी दवाखान्यात आलेलं नसतं.

तपासात आणखीही बघतात. ताप आणि पुरळ म्हणजे दर वेळी गोवरच असं नाही, रक्त तपासून खात्री करतात. डोसाची तारीख बघतात. संसर्ग होऊन गेल्यावर दिलेली लस अपयशी ठरली असं म्हणता येत नाही.

आता तुमच्या धाकट्याचं. ती १३-१४ मुलं उघडी राहिली ना, दुसरा डोस त्यांच्याचसाठी आहे. सोळा ते चोवीस महिन्यांत तो दिला की पहिल्या खेपेला चुकलेली बहुतेक मुलं पकडली जातात आणि दोन डोसांनंतर संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. तुमचा मुलगा पहिल्या डोसाने सुरक्षित झालाय की नाही हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. आजूबाजूला साथ आहे. उद्याच जा. घरात किंवा शेजारी कोणाला गोवर झाला असेल तर त्या मुलाला लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मिळालेत ना, तेही विचारा. डोळे जाण्याचा आणि जिवाचा धोका त्याने कमी होतो.

२०१७ च्या फेब्रुवारीत एमआरची मोठी मोहीम सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना डोस द्यायचा होता, आधी घेतलेला असला तरी. तेव्हाही शाळांच्या फाटकांवर पालक हेच विचारत होते, आधीची लस फुकट गेली का? मोबाइलवर नाही नाही ते संदेश फिरत होते. ज्या शाळेत मुख्याध्यापकांनी आधी पालकांची बैठक घेतली आणि डॉक्टरांना तिथे बसवून शेवटच्या माणसाचं समाधान होईपर्यंत बोलू दिलं, त्या शाळेत फार थोडी मुलं राहिली.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे बऱ्याच आयांकडे कार्ड नाही. कोणाचं पावसात भिजलं, कोणाचं घर बदलताना हरवलं. त्या सांगतात की डोस झालेत. यादीत 'हो' लिहू की 'नाही'? — पेडणे

उत्तर : बाय, दोन्ही लिहू नका. 'आईने सांगितलं' असं लिहा. कार्डावरून कळलेलं, उपकेंद्राच्या नोंदवहीतून कळलेलं आणि आईच्या तोंडून कळलेलं असे तीन वेगळे रकाने करा आणि ते कधी एकत्र मिसळू नका.

राष्ट्रीय सर्वेक्षणातही हे वेगळे मोजतात. २०१९-२१ मध्ये देशात कार्ड किंवा आईचं सांगणं धरून पूर्ण लसीकरण ७६.४ टक्के निघालं, आणि फक्त कार्ड असलेली मुलं घेतली तर ८३.८. कार्ड जपून ठेवणारं घर सत्रालाही जास्त नियमित येतं, म्हणून ती मुलं पुढे दिसतात. एकटा कार्डाचा आकडा गावाची बाजू उजळ करून दाखवतो, आणि एकट्या आठवणीवर तर अजिबात भिस्त ठेवता येत नाही.

आईची आठवण मात्र टाकून देऊ नका, विचारायची रीत बदला. लसींची नावं तिला माहीत नसतात, कुठे आणि कधी टोचलं ते असतं. मांडीत किती वेळा टोचलं? त्या वेळी तोंडात थेंबही दिले होते का? रांगायला लागल्यावर, नऊ-दहा महिन्यांचं असताना दंडात टोचलं का? पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पाजलेले थेंब आणि नेहमीचे डोस हे आयांच्या मनात एक होऊन जातात, ते सोडवून घ्या. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघा. व्रण असेल तर उत्तम, पण नसेल तर बीसीजी झालीच नाही असं म्हणू नका, सगळ्याच बाळांना तो उठत नाही.

आपल्याकडे जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात. बांबोळी, म्हापसा, जिथे बाळ जन्मलं तिथल्या घरी सोडतानाच्या कागदावर जन्माच्या वेळचे डोस लिहिलेले असतात. तो कागद बहुतेक घरांत ट्रंकेत जपलेला असतो, तो मागा. कशातूनच काही कळलं नाही तर नर्सबाई वयाप्रमाणे डोस ठरवेल. एमआरचा डोस चुकून जास्त झाला तर बाळाला अपाय होत नाही. आणि यापुढे कार्ड हातात आलं की तिथेच आईच्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून द्या.

प्रश्न : पावसात आमच्याकडे तासन् तास वीज जाते. केंद्रातल्या फ्रिजमधल्या लसी खराब होत असतील ना? अशा लसी टोचून टक्केवारी वाढवण्यात काय अर्थ? — एक वडील, धारबांदोडा

उत्तर : काळजी योग्य आहे. पण तो घरातल्यासारखा फ्रिज नसतो. त्याच्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं आणि दार वरून उघडतं, त्यामुळे दिवसात आठ तास वीज मिळाली तरी आत २ ते ८ अंश तापमान टिकतं, सारखा उघडला नाही तर. उपकेंद्रात लस ठेवतच नाहीत, सत्राच्या सकाळी डब्यातून येते आणि संध्याकाळी परत जाते.

कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन छापलेला असतो. आतला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. नर्सबाईला दाखवायला सांगा, आनंदाने दाखवेल. केंद्रात तापमान दिवसातून दोनदा लिहिलेलं असायला हवं. तो कागद मागून बघा. सगळे दिवस एकाच पेनाने एकाच बैठकीत भरल्यासारखे दिसले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कोणाला नसते. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते आणि तो चौकोन ते दाखवत नाही. म्हणून डब्यात बर्फाचे पॅक थेट फ्रीजरमधून काढून घालत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच घालतात. कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला गेलात तर सकाळी डबे भरताना तिथे उभे राहा.

प्रश्न : आमच्या पंचायतीत काजूच्या बागायतीत आणि बांधकामांवर कर्नाटक, झारखंड, ओडिशाकडची कुटुंबं असतात. त्यांची मुलं आपल्या गावच्या हिशेबात धरायची का? धरली तर आमची टक्केवारी पडते, असं काहींचं म्हणणं आहे. — एक शिक्षक, काणकोण

उत्तर : धरायची, सर. रोग त्यांना वेगळं धरत नाही आणि ती मुलंही आपल्याच दारात खेळत असतात. सरकारी कार्यक्रमात लस मिळायला गावचा दाखला लागत नाही, मूल जिथे असेल तिथे ते डोसाचं हक्कदार आहे. टक्केवारी पडली तर पडू द्या. वेगळ्या रकान्यात मांडा म्हणजे काम कुठे करायचं ते स्पष्ट दिसेल.

या वस्त्यांवर सकाळचं सत्र लावून उपयोग नसतो, आईबाप कामावर असतात. संध्याकाळी सहानंतर, मुकादमाला आधी सांगून, तिथेच सत्र लावायला आरोग्य केंद्राला विनंती करा. कन्नड किंवा हिंदी बोलणारं कोणीतरी बरोबर न्या. तुमच्या शाळेतली त्याच वस्तीतली मोठी मुलगी असेल तर तिच्याइतकी चांगली दुभाषी मिळणार नाही.

यांच्याकडे कार्ड नसतंच असं समजू नका. कर्नाटकातल्या आयांकडे पुष्कळदा 'तायी कार्ड' असतं, पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. अक्षरं कन्नड असली तरी तारखा वाचता येतात आणि डोसांचा क्रम आपल्यासारखाच असतो. त्या तारखा आपल्या यादीत उतरवा. इथे दिलेला डोस त्यांच्या त्याच कार्डावर लिहायला लावा आणि पुढच्या डोसाची तारीख आकड्यांत घाला. पावसाच्या तोंडावर ही कुटुंबं गावी परततात, तेव्हा तिथल्या परिचारिकेला तीच तारीख लागणार आहे.